पट्टी-तार आणि कांट्यावरील आठाचा आंकडा

(नभोवाणीवरील भाषण)



आज ज्या वस्तूविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत, ती वस्तु आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरांत आहे. परंतु ती डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें फार थोडीं सांपडतील. छपाईचें लहान यंत्र, संगणक, कपडे धुण्याचें यंत्र, दूरदर्शनचा संच, खिशांतला मोबाइल, किराणा दुकानांतील विजेचा कांटा, यांपैकीं कोणतेंहि यंत्र उघडलें कीं आंत करड्या किंवा पांढऱ्या रंगाची, चपटी, बोट-दोन बोटें रुंद अशी एक पट्टी एका पाटीपासून दुसऱ्या पाटीपर्यंत गेलेली दिसते. अकोल्याच्या वा अमरावतीच्या दुरुस्तीच्या दुकानांत गेलांत तर कारागीर तिला ‘एफ. आर. सी.’ म्हणतील. इंग्रजींत तिचें नांव रिबन केबल. रिबन म्हणजे मुलींच्या वेणीची फीत. मी या भाषणापुरतें तिला ‘पट्टी-तार’ म्हणणार आहें.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु या पट्टींतील एक बारीकशी तार ढिली झाली असतां कपाशी वेचणाऱ्या बाईची जवळजवळ निम्मी मजुरी दिसेनाशी होऊं शकते, हें मीं पाहिलें आहे. ती हकीकत यथाक्रम येईल. ती नीट कळावी म्हणून पट्टीची घडण आधीं पाहूं.

आपल्याकडे पलंगास नवार लावतात. नवारीचे उभे धागे सुटे केले तर त्यांचा क्षणांत गुंता होईल. तेच एका पातळींत, एकाशेजारीं एक बसविले म्हणजे त्यांची सरळ, घडी घालतां येण्याजोगी पट्टी होते, आणि पहिला धागा शेवटपर्यंत पहिलाच राहतो. पट्टी-तारेचें सारें मर्म या ‘पहिला तो पहिलाच’ यांत आहे. नवारींत उभे धागे धरून ठेवण्याचें काम आडवा धागा करतो. पट्टी-तारेंत आडवा धागा नसतो, तें काम प्लॅस्टिकचें आवरण करतें. दहा, सोळा, सव्वीस, चाळीस किंवा पन्नास तारा एकमेकींस चिकटून समांतर धांवत असतात. एका तारेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचें अंतर नेहमींच्या पट्टींत १.२७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर इंचाचा विसावा भाग असतें. यावरून चाळीस तारांची पट्टी सुमारें ५१ मिलिमीटर, म्हणजे दोन इंच रुंद भरते. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा.

यांतील प्रत्येक तार म्हणजे तांब्याच्या सात तंतूंचा पीळ. एकेक तंतु मिलिमीटरच्या अष्टमांशाएवढा जाड. सातहि तंतु मिळून तांब्याचा छेद एका चौरस मिलिमीटरच्या सुमारें अकराव्या हिश्श्याइतका होतो. घरांतील पंख्यास जी तार आपण आणतों ती बहुधा दीड चौरस मिलिमीटरची, म्हणजे हिच्या सतरापट असते. तेव्हां पट्टी-तारेवर पंखा फिरविण्याचा विचार कोणीं करूं नये. एका तारेनें सुमारें एक अँपिअरपर्यंत प्रवाह न्यावा, अधिक नेऊं नये, असा संकेत आहे. तिचें काम ओझें वाहण्याचें नव्हे, निरोप वाहण्याचें आहे. आणि निरोप वाहण्यास हमाल लागत नाहीं.

ही पट्टी येण्यापूर्वी काय होत असे? यंत्राच्या एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंत जितके निरोप, तितक्या सुट्या तारा. त्यांची मोळी बांधून ती मेणाच्या दोऱ्यानें आंवळीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा आपल्या देशांतील आरंभींचा मोठा संगणक १९६० सालीं कामास लागला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्रांत किती सांधे असतील व ते चुकूं न देतां जोडणाऱ्यांचे डोळे किती शिणले असतील, याची कल्पनाच करावी. चपटी पट्टी त्यापूर्वींच, १९५६ सालीं, अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील सिकॉईल नांवाच्या कंपनीनें काढली असें सांगतात. त्या वेळीं तारा सिलिकोन रबराच्या सांच्यांत बसवीत. पुढें स्वस्त प्लॅस्टिक आलें आणि पट्टी घरोघर पोहोंचली.

परंतु माझ्या मतें खरी बुद्धिमत्ता पट्टींत नाहीं. ती तिच्या टोंकास बसणाऱ्या कनेक्टरांत आहे. चाळीस तारा म्हणजे ऐशीं टोंकें. प्रत्येक टोंकाचें आवरण सोलावयाचें, तंतु पिळावयाचे, कथील वितळवून डाग द्यावयाचा, असें म्हटलें तर एका पट्टीस अर्धा दिवस लागेल आणि दोन-चार डाग कच्चे राहतीलच. ही कटकट एका युक्तीनें टळली. कनेक्टरांत प्रत्येक तारेसाठीं पितळेसारख्या धातूची एक लहान दुबेळकी असते, आणि तिच्या दोन टोंकांमधील फट तारेच्या तांब्याहून किंचित् अरुंद असते. पऱ्हाटी उपटण्याचा दांतेरी चिमटा आपल्यापैकीं शेतकऱ्यांनीं वापरला असेल. खोड फटींत जितकें खोल शिरतें तितकी पकड घट्ट होते. येथें तोच प्रकार. पट्टी न सोलतां तशीच कनेक्टरांत ठेवावयाची आणि वरून दाब द्यावयाचा. दुबेळक्याच्या धारा प्लॅस्टिक कापतात, तांब्यास दोन्हीकडून चिमटतात, आणि ती पकड इतकी घट्ट असते कीं सांध्याच्या जागीं हवाहि शिरत नाहीं. हवा नाहीं म्हणून गंज नाहीं. एका दाबांत चाळीसहि सांधे पुरे होतात. ना कथील, ना धूर.

आणखी एक मौज पाहा. कनेक्टराच्या पिना दोन ओळींत असतात व शेजारशेजारच्या दोन पिनांतील अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे तारांतील अंतराच्या दुप्पट असतें. त्यामुळें पहिली तार एका ओळींत जाते, दुसरी समोरच्या ओळींत, तिसरी पुनः पहिल्या ओळींत. विषम संख्या एका बाजूस, सम संख्या दुसऱ्या बाजूस. शाळेंत कवायतीच्या वेळीं ‘एक-दोन, एक-दोन’ मोजून आम्ही मुलांच्या दोन रांगा करीत होतों, अगदीं तसें.

आतां पहिली तार कोणती हें ओळखावें कसें? करड्या पट्टीची एक कड तांबड्या रंगानें रेखलेली असते. तांबडी कड म्हणजे पहिली तार. पाटीवर जेथें एकाचा आंकडा किंवा लहान त्रिकोण छापलेला असतो तिकडे ती यावयाची. पट्टी उलटी बसली तर पहिली तार चाळिसाव्या जागीं जाते व सर्वच निरोप चुकतात. क्वचित् प्रसंगीं वीज नको त्या जागीं शिरून पाटी जळतेहि. म्हणून चांगल्या कनेक्टरास एका अंगास उंचवटा ठेवतात, म्हणजे तो उलटा शिरतच नाहीं. हा उंचवटा चाकूनें तासून पट्टी ‘बसविणारे’ धाडसी कारागीर आपल्याकडे नाहींत असें नाहीं. कांहीं पट्ट्या सप्तरंगी असतात. त्यांतील रंगांचा क्रम तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, करडा, पांढरा आणि काळा असा असून दर दहा तारांनीं तो पुनः सुरू होतो. शिकणाऱ्या मुलाच्या हातीं द्यावयाची तर मी सप्तरंगीच देईन.

वऱ्हाडांत पट्टी-तारेचें दर्शन पुष्कळांना प्रथम संगणकांत झालें. २००१ सालीं एम. एस. सी. आय. टी. हा अभ्यासक्रम निघाला, आणि पाहतां पाहतां तालुक्याच्या गांवींहि संगणकाचे वर्ग उघडले. त्या काळच्या संगणकाची पेटी उघडली कीं दोन इंच रुंदीची करडी पट्टी सर्वांत आधीं नजरेस येई. ही चाळीस खुंट्यांची पट्टी माहिती सांठविणाऱ्या तबकडीपासून मुख्य पाटीपर्यंत जात असे. तींतील सोळा तारा प्रत्यक्ष माहिती वाहत; उरलेल्यांपैकीं कांहीं हुकुमाच्या, कांहीं परतीच्या. सोळा तारा एकदम सोळा चिन्हें पोहोंचवीत, म्हणून काम झपाट्यानें होई.

मात्र झपाटा वाढविण्यास मर्यादा आली, आणि ती पट्टीच्या स्वभावांतूनच आली. दोन तारा लांबवर अगदीं शेजारून गेल्या कीं एकींतील प्रवाहाच्या चढउताराचा पडसाद दुसरींत उमटतो. जुन्या दूरध्वनींत आपण बोलत असतां तिऱ्हाइताचें बोलणें मधेंच ऐकूं येई, हें वयस्क श्रोत्यांस आठवत असेल. तसेंच हें. संथ निरोपांत हा पडसाद जाणवत नाहीं. निरोप अतिशीघ्र धांवूं लागले कीं तो खऱ्या निरोपाएवढा मोठा होतो. यावर तोड काढली ती फार साधी होती. चाळीसच्या ऐशीं तारा केल्या, पट्टीची रुंदी तीच ठेवून तारा निम्म्या अंतरावर बसविल्या, आणि एकाआड एक तार नुसती जमिनीस, म्हणजे शून्य दाबास, जोडून ठेवली. दोन बोलणाऱ्यांच्या मधें एक मौनी बसविला! या मौनी तारांच्या बळावर सेकंदास ३३ दशलक्ष अक्षरांची मजल ६६ वर व पुढें त्याहूनहि वर गेली. तरीहि पट्टीची लांबी ४६ सेंटिमीटर, म्हणजे अठरा इंचांपेक्षां अधिक ठेवूं नये असा नियम होताच.

दुसरी अडचण अधिक अवघड. आपल्याकडील शंकरपट ज्यांनीं पाहिला आहे त्यांनीं असें समजावें कीं, सोळा जोड्या एकदम सोडल्या आहेत आणि अट अशी कीं सर्व जोड्या दोरीवर एकाच क्षणीं आल्या पाहिजेत. संथ चालींत तें साधेल. भरधांव सोडल्या तर एखादी जोडी केसभर मागें राहणारच, आणि सर्वांत मागच्या जोडीसाठीं उरलेल्या पंधरांना थांबावें लागेल. मग सोळा जोड्या हव्यात कशाला? एकच जोडी अतिशय वेगानें सोळा वेळां पळविली तर काम लवकर होतें. संगणक बांधणाऱ्यांनीं शेवटीं हाच निर्णय केला. २००३ च्या सुमारास बाजारांत आलेल्या नव्या पद्धतीच्या केबलींत अवघे सात वाहक असतात, त्यांतील तीन पुनः मौनीच, आणि तरी सेकंदास १५० दशलक्ष अक्षरें हा तिचा आरंभींचा वेग होता. रुंद करडी पट्टी संगणकाच्या पेटींतून हळूहळू नाहींशी झाली ती यामुळें.

पण ती जगांतून गेली नाहीं. जेथें निरोप पुष्कळ, परंतु घाई नाहीं, तेथें तिच्याइतकी स्वस्त व निर्वेध सोय दुसरी नाहीं. शिवाय तिची एक धाकटी बहीण सध्यां घरोघर नांदत आहे. या धाकटींत पिळाच्या तारा नसून तांब्याच्या अति पातळ, चपट्या फिती दोन प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांत दाबून बसविलेल्या असतात. दोन फितींतलें अंतर एक मिलिमीटर किंवा अर्धा मिलिमीटर. छपाईच्या यंत्रांत शाईचें डोकें पानावरून डावी-उजवीकडे येरझाऱ्या घालीत असतें. त्याच्या मागें शेपटीसारखी हेलावणारी पांढरी पट्टी ती हीच. लाखों वेळां वांकते आणि तुटत नाहीं. कां तुटत नाहीं? बांबूचा वासा वांकवूं गेलें तर तो मोडतो, पण त्याच बांबूची कामटी टोपलींत सहज वळते. वस्तु वांकली कीं तिचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आणि हा ताण जाडीच्या प्रमाणांत वाढतो. जाडी अत्यल्प ठेवली कीं ताणहि अत्यल्प. मात्र कामटीप्रमाणेंच ही पट्टी एकाच दिशेनें वांकते. तिला कडेच्या बाजूनें वळवूं गेल्यास ती फाटते, आणि नखानें दाबून कोर पाडल्यास तेथें तांबें चिरतें. मोबाइलांत याहून नाजूक प्रकार असतो. त्यांत पातळ पडद्यावर तांब्याच्या वाटा कोरून काढलेल्या असतात. त्याला दुकानदार ‘फ्लेक्स’ म्हणतात. पडद्यावर उभी रेघ आली किंवा स्पर्श कळेनासा झाला तर पुष्कळदां दोष त्या फ्लेक्सचा किंवा त्याच्या सांध्याचा असतो, साऱ्या यंत्राचा नसतो. हें ठाऊक असलेलें गिऱ्हाईक सहसा नागवलें जात नाहीं.

आतां कांट्याकडे वळूं. आपल्या वऱ्हाडांत सोयाबीन, तूर, कापूस, संत्रीं, जें जें विकावयाचें तें कांट्यावर चढतें, आणि कांटा आतां बहुतेक ठिकाणीं विजेचा झाला आहे. त्याच्या तक्त्याखालीं वजन जाणणारा धातूचा ठोकळा असतो. ओझ्यानें तो अगदीं किंचित् वांकतो व त्यापासून व्होल्टच्या कांहीं सहस्रांशांएवढा निरोप निघतो. इतक्या अशक्त निरोपावर पडसाद बिलकुल पडूं द्यावयाचा नसतो, म्हणून ठोकळ्यापासूनची केबल गोल, पीळ दिलेली व जाळीनें झांकलेली असते. तेथें पट्टी-तार चालत नाहीं. निरोपाचा एकदां आंकडा झाला, कीं तो आंकडा मुख्य पाटीपासून तांबड्या अक्षरांच्या फलकापर्यंत नेण्याचें काम पुष्कळ कांट्यांत पट्टी-तारेकडे येतें.

फलकावरील प्रत्येक आंकडा सात काड्यांचा असतो. तीन आडव्या: वर, मधें व खालीं. चार उभ्या: डावीकडे दोन, उजवीकडे दोन. इंग्रजी वळणाचा आठ काढावयास सातहि काड्या पेटाव्या लागतात. मधली आडवी विझविली कीं शून्य. सहा आंकड्यांच्या फलकावर काड्या झाल्या बेचाळीस, आणि दशांशाचे सहा ठिपके धरून अठ्ठेचाळीस. प्रत्येकीस स्वतंत्र तार दिली तर परतीच्या तारेसह एकूणपन्नास तारा लागतील. तितक्या देत नाहींत. वर्गांत ‘तिसऱ्या रांगेंतला पांचवा’ एवढें म्हटलें कीं नेमका मुलगा उभा राहतो. त्याचप्रमाणें आठ तारा काड्यांच्या व ठिपक्याच्या, सहा तारा आंकड्यांच्या घरांच्या, अशा चौदा तारांत सारें भागवितात. एका क्षणीं एकच घर पेटतें, लगेच दुसरें, मग तिसरें. हें चक्र इतकें त्वरित फिरतें कीं आपल्या डोळ्यांस सहाहि आंकडे स्थिर भासतात.

या काटकसरीचा परिणाम लक्षांत घ्या. घराची तार तुटली तर तें एक घर पूर्ण काळोखांत जातें. मधलें घर गेलें तर आंधळ्यासहि कळेल. पण सर्वांत डावीकडचें गेलें तर ११८ चे १८ दिसतील व कोणास शंका येणार नाहीं. काडीची तार तुटली तर तीच काडी सहाहि आंकड्यांतून एकदम नाहींशी होते. मग काय होतें? डावीकडील खालची उभी काडी गेली असतां सहाचा पांच होतो आणि आठाचा नऊ. म्हणजे ६८ किलोचें पोतें ५९ किलोचें दिसेल! उजवीकडील वरची गेली तर नवाचा पांच, आठाचा सहा. डावीकडील वरची गेली तर नवाचा तीन. वरची आडवी गेली तर साताचा एक. मधली आडवी गेली तर आठाचें शून्य. उरलेल्या दोन काड्यांच्या अभावीं आंकडा बहुधा विद्रूप होतो, परंतु खोटा होत नाहीं.

गेल्या वेचणीच्या हंगामांत दर्यापूर तालुक्यांतील एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे मी सायंकाळीं गेलों होतों. अंगणांत कांटा मांडलेला, भोंवतीं बायका आपापलीं गाठोडीं घेऊन बसलेल्या. वेचणीची मजुरी किलोवर असते हें सांगणें नको. फलकावरील आंकडे त्या दिवशीं चमत्कारिक दिसत होते. वजन मांडून घेणारा मुलगा ते अंदाजानें वाचून वहींत उतरवीत होता, आणि अंदाज बहुधा बरोबरहि येत होता, कारण मोडका चार किंवा मोडका तीन ओळखतां येतो. एका बाईचें गाठोडें मात्र अगदीं स्वच्छ अक्षरांत १०.०० भरलें. ती म्हणाली, “गुर्जी, कालच्याच एवळं गठुळं हाय, मंग आज दहाच कसं भरते?” मुलगा फलकाकडे बोट दाखवी. सर्व मोडक्या आंकड्यांत हाच एक धडधाकट आंकडा. त्यावर अविश्वास कोण ठेवील? कांटा बंद करून पुनः सुरू करावयास मीं सांगितलें. हे कांटे सुरू होतांना बहुधा क्षणभर सर्व घरांत आठ दाखवितात. येथें सहा शून्यें उमटलीं. मधली काडी सहाहि घरांतून गेली होती. शेजारच्या घरून दुसरा कांटा आणला, त्यावर तेंच गाठोडें अठरा किलो भरलें. किलोस दहा रुपये धरले तरी हा फरक ऐंशी रुपयांचा. शेतकरी सज्जन, त्यानें सर्वच गाठोडीं पुनः तोलविलीं. पुढें परवानाधारक दुरुस्तीवाल्यानें कांटा उघडला तेव्हां पट्टीच्या टोंकाचा एक सांधा ढिला निघाला. कांटा रोज ट्रॅक्टरमधून शेतांत नेत-आणीत, त्या हादऱ्यांचा तो परिणाम. वजन करणाऱ्या भागांत तिळमात्र दोष नव्हता. कांटा मनांत अठराच म्हणत होता. फक्त त्याच्या तोंडून दहा निघत होते.

येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे. रिकामा कांटा शून्य दाखवितो, आणि शून्यांत मधली सोडून सहाहि काड्या लागतात. त्या सहांपैकीं कोणतीहि नादुरुस्त असेल तर रिकाम्या कांट्यावरील शून्यच मोडकें दिसेल. वजन चढविण्यापूर्वींच चूक पकडतां येईल. मधली काडी मात्र शून्यांत नसतेच. तिची परीक्षा केवळ आठ करतो. म्हणून कांटा सुरू होतांना उमटणाऱ्या आठांच्या ओळीकडे विकणाऱ्यानें व घेणाऱ्यानें, दोघांनींहि, नजर टाकावी. कांहीं कांटे आठांऐवजीं शून्यापासून नवापर्यंत सर्व आंकडे क्रमानें दाखवितात. तेंहि चालेल, त्यांतहि आठ येतोच. कित्येक कांट्यांना दोन फलक असतात, एक दुकानदाराकडे व एक गिऱ्हाइकाकडे, आणि दुसऱ्या फलकाकडे बहुधा वेगळी पट्टी गेलेली असते. दोन्ही फलकांवरचे आंकडे जुळत नसतील तर एका पट्टींत दोष आहे असें बेलाशक समजावें.

पट्टी बिघडण्याचीं कारणें आपल्या भागांत विशेष आहेत. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपुढें जातो, पत्र्याच्या शेडखालीं त्याहून अधिक. प्लॅस्टिकला मऊ ठेवणारें द्रव्य वर्षानुवर्षें उडत जाऊन पट्टी ताठर होते व घडीच्या जागीं चिरते. जिनिंगच्या आवारांत रुईचे तंतु व धूळ कनेक्टरांत जाऊन बसतात, आणि पावसाळ्यांत तीच धूळ ओल धरते. उंदरांचें तर सांगावयासच नको. घरांतील साध्या यंत्राची धाकट्या जातीची पट्टी असेल तर यंत्राचा वीजपुरवठा पूर्ण तोडावा, कनेक्टराची खिट्टी उचलून पट्टी सरळ बाहेर घ्यावी, तिचीं उघडीं टोंकें पेन्सिलीच्या स्वच्छ रबरानें अगदीं हलक्या हातानें पुसावीं, आणि तिरकी न होऊं देतां पुनः बसवून खिट्टी लावावी. ओढतांना बळ करूं नये. खिट्टी न उचलतां ओढलेली पट्टी पुनः उपयोगास येत नाहीं.

हा उपाय व्यापाराच्या कांट्यावर मात्र स्वतः करावयाचा नाहीं. वैध मापनशास्त्र अधिनियम हा २००९ चा कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलांत आहे. त्याअन्वयें विजेच्या कांट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनीं करून घ्यावी लागते, व पडताळणीनंतर कांट्यास मोहोर लावली जाते. दुरुस्तीसाठीं ती मोहोर तोडण्याचा अधिकार परवानाधारक दुरुस्तीवाल्यास आहे, आणि दुरुस्तीनंतर कांटा पुनः पडताळून घेतल्याखेरीज त्यावर व्यवहार करतां येत नाहीं, मग दुरुस्ती एका ढिल्या पट्टीची कां असेना. पडताळणीचें प्रमाणपत्र दुकानांत सहज दिसेल अशा ठिकाणीं लावलेलें असावें लागतें; त्यावर पुढील पडताळणीची तारीख असते, आणि ती वाचून पाहण्यास गिऱ्हाइकास कोणाचीहि परवानगी लागत नाहीं.